सांजफेरीची हजेरी

अर्नाळा, समुद्रकिनारा
९ नोव्हेंबर २०२५

चि. ज्ञानदा हिला आबाचे ओंजळभर आशीर्वाद.

तुझा काल फोन आला आणि मी पत्राने उत्तर देतो आहे, म्हणून हसू नकोस. आपला करारच तसा आहे. तू सातवीत होतीस, सुट्टी संपवून निघताना रडायला लागलीस, तेव्हा मी म्हटलं होतं, तू फोन करत जा, मी पत्र लिहीत जाईन, म्हणजे एका बोलण्याला दोन वाटा होतील. शिवाय फोनची एक अडचण असते. माझ्या आवाजावरून तुला लगेच कळतं, आबा जेवला की नाही ते. कागदावर माणूस नेहमी जेवलेला दिसतो.

वर ठिकाण वाचलंस ना? उजव्या कोपऱ्यात आधी ठिकाण, त्याखाली तारीख. पोरांना हेच शिकवत आलो. ठिकाण विसरणाऱ्याचा अर्धा गुण कापायचो आणि वर विचारायचो, "काय रे, पत्र आकाशातून लिहिलंस का?"

तर अर्नाळ्याला आत्ता ऊन उतरलं आहे. सुरूच्या झाडांतून वारा येतो तो आपल्या पाचवीच्या वर्गासारखा, एका सुरात कविता म्हणत. होड्या वर ओढून ठेवल्यात. त्यांच्या सावलीत बायका सुकी मासळी निवडत बसल्यात, आणि पलीकडे पाण्यात किल्ला असा उभा आहे की जणू कुणीतरी त्याला वर्गाबाहेर उभं केलंय आणि मग आत घ्यायला विसरलंय. तुझी आजी वसुंधरा इथे आली की चपला हातात घ्यायची. म्हणायची, "वाळूला पाय लागले नाहीत तर आल्यासारखं वाटत नाही."

तुझ्या कामाचं तू सांगितलंस ते अजून कानात आहे. मला कळलं ते असं: माणसं फोनवर फोटो टाकतात, दोन ओळी लिहितात, सोबत जागेचं नाव घालतात. तुम्ही ते सगळं नावं पुसून, फक्त वय आणि जागा ठेवून गोळा करता. एकेक माणूस म्हणजे एकेक ठिपका. सकाळी ठिपके कुठून निघाले, दुपारी कुठे साचले, संध्याकाळी कुठे परतले, त्यावरून शहर कसं चालतं ते तुम्हाला दिसतं. मला तर हे फार आवडलं. शहराची चाल! आम्ही कवितेला चाल लावायचो, तुम्ही शहराची चाल ओळखता.

आणि तू म्हणालीस, "आबा, कुठल्याही शहरात साठीच्या पुढची माणसं संध्याकाळनंतर नकाशावरून पुसली जातात. फक्त वसई-विरारमध्ये नाही! तिथे म्हाताऱ्यांचं एक टोळकं आहे, रोज पाच वाजता वेगवेगळ्या जागी जमतं. कोण असतील रे हे?"

मी पटकन बोलून गेलो, "अगं, ते आम्हीच!"

तू केवढ्याने ओरडलीस! शेजारच्या कबुतरांनी पंख फडफडवले.

आमच्या 'सांजफेरी'बद्दल तुला सांगायचं राहिलंच होतं. तू मे महिन्यात मला फेसबुक उघडून दिलंस, त्यानंतर जूनमध्ये आम्ही ती सुरू केली. आमच्या शाळेतले चित्रकलेचे मास्तर पास्कल, नायगावला राहतात ते, त्यांची बायको आग्नेस, निवृत्त नर्स रिटाबाई, आणि असेच जुने ओळखीचे, मिळून दहा-अकरा जण. रोज एकाने जागा ठरवायची, तिच्याबद्दल चार ओळी लिहायच्या. पाचच्या ठोक्याला बाकीच्यांनी हजेरी लावायची. "हजर" असं लिहायचं आणि जागेचं नाव घालायचं. मास्तर लोकांचा खेळ, दुसरं काय.

तू ठिपक्यांचं हे बाबाला सांगितलंस ते बरं केलंस. गणपतीत हर्षवर्धन इथे आला होता तेव्हा दारात उभं राहून मला म्हणाला, "बाबा, चालते-फिरते आहात तोवर राहा इथे. ज्या दिवशी घरात बसाल त्या दिवशी मी येऊन बंगळूरला घेऊन जाणार. तेव्हा काही ऐकणार नाही." त्याचं चुकतं असं नाही. मला जायचं नाही ते बंगळूर वाईट वाटलं म्हणूनही नाही. पण तिथल्या एकाही रस्त्याचं लहानपण मी पाहिलेलं नाही, बाळ. काल रात्री जेवायच्या वेळी त्याचा फोन आला. "काय हो बाबा, ज्ञानदाच्या नकाशावर सगळ्यात जास्त तुम्हीच फिरता म्हणे!" त्याला इतकं हायसं वाटलेलं आवाजात कळत होतं, की मी नुसता हसलो.

सांजफेरीसाठी एक कडवं करतो आहे. दुसरी ओळ जमली आहे, तिच्यामागची अर्धी पहिलीही:

"…वाट चालली पुढे,
मागे वळून पाहते, कुणी आले का गडे?"

सुरुवातीचे शब्द मात्र अडून बसलेत. येतील.

खालून भाजीवाली हाक मारते आहे, दोरी सोडायला हवी. इथेच थांबतो.

समुद्राच्या वाऱ्यासह,
तुझा आबा

•

नायगाव, खाडीकाठ
२३ नोव्हेंबर २०२५

चि. ज्ञानदा,

आशीर्वाद आहेतच. ते दर पत्रात नव्याने लिहिले नाहीत तरी कमी होत नाहीत.

तू फोनवर विचारलंस, "आबा, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर भाजीवाली कुठून आली? आणि दोरी कसली सोडलीस?" होडीची, बाई, होडीची. म्हाताऱ्या माणसाला लोक मदतीला बोलावतात. तू संशोधक झालीस, पण आजोबांच्या पत्रातही पुरावे शोधायला लागलीस म्हणजे कठीण आहे.

आणि कामणच्या गोदामाचं. दर गुरुवारी आम्ही सगळे भिवंडी रस्त्यावरच्या एका गोदामाच्या फाटकाशी काय करतो, असं तुझ्या मॅडमनी विचारलं म्हणे. आता काय सांगू! तिथे ओढा होता. चिंचेची झाडं होती. शाळेची वनभोजनं तिथे व्हायची. पास्कल मोठ्या दगडावर बसून पोरांना झाडं काढायला लावायचा आणि मी त्याच झाडाखाली त्यांच्याकडून कविता पाठ करून घ्यायचो. एकदा वसुंधराने केलेली पिठल्याची कढई ओढ्यात वाहून गेली होती. सगळा वर्ग तिच्यामागे धावला. फोनवर 'कामण' लिहिलं की पहिलं नाव त्या गोदामाचं येतं, म्हणून तेच घातलं जातं. मॅडमना सांग, हवा चांगली आहे तिथली.

आज नायगावची पाळी. शनिवारची फेरी खरं तर पास्कलची, आणि पास्कल दर शनिवारी हीच जागा ठरवतो. आज रविवार असूनही मी त्याच्याच जागेवरून लिहितो आहे. इथे मिठागरं होती. उन्हात पाणी आटत आटत जायचं आणि जमिनीवर पांढरे चौकोन उमटायचे, गणिताच्या वहीसारखे. पास्कलचे वडील इथे मीठ ओढायचे. आग्नेस तेव्हा त्याच वाटेने डोक्यावर भाताची टोपली घेऊन जायची आणि पास्कल बांधावर बसून तिचं चित्र काढायचा. अजून सांगतो, "मास्तर, तिनं येकदा बी वळून बगितलं नाय. म्हनून तर सगळी चित्रं पाठमोरी."

आता आग्नेसचं थोडं अवघड झालं आहे. ती विसरते. सकाळी काय खाल्लं ते विसरते, घर आपलं आहे हेही कधीकधी विसरते. पण चार वाजले की तिला आतून काहीतरी कळतं. उठून केस विंचरते आणि विचारते, "आज कुठं जायाचं?" सांजफेरी निघाली ती खरं तर तिच्यासाठीच. पास्कल तिला ओळी वाचून दाखवतो, ती डोळे मिटून ऐकते. फेरी संपली की पलंगावर पाय पसरून म्हणते, "बापरे, किती चाललो आज. पाय दुखले." मग पास्कल तेल गरम करून तिचे पाय चोळतो.

हे सहज सांगितलं. तुझ्या कामाशी याचा काही संबंध नाही.

तुझी बातमी मात्र मोठी. आमच्या वसई-विरारमध्ये नव्या, खालच्या पायरीच्या बसगाड्या येणार, त्या कुठून कुठे न्यायच्या याची बैठक डिसेंबरमध्ये, आणि तिथे तुझा नकाशा मांडणार! तू म्हणालीस, "आबा, शनिवारी नायगावच्या खाडीवर तुमचा इतका दाट ठिपका पडतो की मॅडम म्हणाल्या, बस तिथे गेलीच पाहिजे. तिथे बाक टाकायला सांगणार आहोत. तुमच्या नावाची पाटी नाही लावता येणार, पण मला माहीत असेल ना!"

ज्ञानदा, मला किती बरं वाटलं ते सांगत नाही. आणि किती अवघडलो तेही सांगत नाही. एवढी घाई कशाला गं? नकाशाला जरा मुरू दे. लोणच्यासारखा. आम्ही म्हातारी माणसं, आमच्या लहरीवर बसगाड्या वळवायच्या म्हणजे जरा अतीच.

तुझ्या कामावरची मैत्रीण एलिसा सुट्टीला वसईला आली आहे आणि येत्या शनिवारी ती खाडीवर येऊन आम्हाला भेटणार, चार प्रश्न विचारणार, असं तू कळवलंस. गुणी मुलगी असणार. पण तिला सांग, फार अपेक्षा ठेवू नकोस. हवा बदलली आहे. कुणाला खोकला, कुणाकडे पाहुणे. आमच्यातले काही जण कदाचित नसतील. काही म्हणजे बरेच.

एक विचारू का, सहज? तुमच्या कामात एखादा ठिपका चुकलाच, तर काय होतं?

कडव्याची सुरुवात अजून आलेली नाही. जवळ येते आणि दारातून परत जाते.

खाडीच्या खाऱ्या वासासह,
तुझा आबा

•

४ डिसेंबर २०२५

चि. ज्ञानदा,

या पत्राच्या वर ठिकाण नाही. विसरलो नाही. अर्धा गुण काप, पण शेवटपर्यंत वाच. ठिकाण शेवटी लिहितो.

एलिसा येऊन गेली. काल दुपारी आली होती, आज संध्याकाळी पुन्हा येणार आहे. शनिवारी ती बंगळूरला परत निघते. हे पत्र मी तिच्या हाती देणार आहे, कारण तुझी बैठक बुधवारी आहे आणि टपालाचा भरवसा नाही. शिवाय आधीची दोन पत्रं मी स्वतः पेटीत टाकलेली नव्हती. ती दोरीला बांधलेल्या पिशवीतून खाली गेली. भाजीवालीने ती टाकली. होडी नव्हती, बाळ. माझ्या गॅलरीतून खाली सोडलेली दोरी होती. तिच्यावरून भाजी वर येते, औषधं वर येतात, आणि तुला लिहिलेला समुद्र खाली जातो.

मी अर्नाळ्याला गेलो नव्हतो. नायगावलाही नाही. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी चकलीच्या भाजणीसाठी खाली उतरत होतो, चौथ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर पाय सटकला. लोकांनी उचलून वर आणलं. तुझ्या बाबाला मी सांगितलं, जरा मुरगळलाय. तेवढं खरंच होतं. पाय बरा झाला. पण भीती बरी झाली नाही. उंबऱ्यात उभा राहिलो की खालचा जिना विहिरीसारखा दिसतो आणि मी दार लावून घेतो. सुरुवातीला म्हटलं, उद्या उतरू. मग म्हटलं, पाऊस संपला की उतरू. गणपतीत बाबा आला तेव्हा तो झोपलेला असतानाच अंघोळ उरकून बसलो आणि तो उठल्यावर म्हटलं, "मी तर कधीच फिरून आलो." तो खूश झाला. त्याने मला तेव्हाच दारातून ते चालत्या-फिरत्याचं वाक्य ऐकवलं.

सांजफेरीत आम्ही कुणीच कुठे जात नाही. रिटाबाई बसने दवाखान्यात जातात तेवढंच. पास्कल आग्नेसला सोडून निघू शकत नाही. बाकीचेही असेच, कुणी खुर्चीत, कुणी सुनेच्या परवानगीत. तरी पाच वाजले की आम्ही सगळे हजर.

यात फसवण्याचा हेतू नव्हता, एवढं खरं मान. तू मला शिकवलंस, आबा, इथे मजकूर लिही, इथे फोटो लाव, आणि इथे जागा घाल. मी जन्मभर पोरांकडून 'संदर्भासह स्पष्टीकरण' लिहून घेतलेला माणूस. ओळी आल्या की आधी संदर्भ द्यायचा. या ओळी कुठल्या, कोणत्या प्रसंगातल्या. मिठागराच्या ओळी आहेत, तर संदर्भ नायगाव. ओढ्याच्या आहेत, तर संदर्भ कामण. माणूस आत्ता कुठे बसला आहे ते कुणी कशाला लिहील? मी तसं लिहिलं, मग बाकीच्यांना तसंच शिकवलं. "हजर" म्हणताना संदर्भ द्यायला विसरू नका, नाहीतर अर्धा गुण कापीन, अशी धमकी दिली. सगळे माझं ऐकतात. कुणाचाही संदर्भ चुकला नाही. म्हणूनच तुझा ठिपका इतका दाट पडला.

पण तू फोनवर विचारलंस तेव्हा मला चूक कळली होती. तुला त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी काय सांगितलं? "अगं, ते आम्हीच!" तुझ्या नकाशावर मी चालत होतो गं. मलाच ते इतकं आवडलं. आणि मग बाबाचा फोन आला, तो आवाज ऐकला, आणि वाटलं, हा ठिपका आहे तोवर मला इथून कुणी हलवणार नाही.

आता एलिसाचं ऐक. गेल्या शनिवारी ती नायगावला गेली. मिठागराच्या जागी आता उंच इमारती आहेत आणि आपली नेमकी जागा म्हणजे त्यांच्या गाड्या लावायचं आवार आहे. तिने रखवालदाराला विचारलं, "इथे संध्याकाळी आजी-आजोबा कुठे जमतात?" तो म्हणाला, "मॅडम, इथे सीनियर लोक? इथे रिव्हर्स घेताना कुणी दिसलं तर आम्हीच ओरडतो."

ती तरी थांबली. आणि पाच वाजले. तिने फोन उघडून ठेवला होता. काल इथे बसून सांगत होती, "आबा, एकामागून एक हजर, हजर, हजर. सगळे त्याच स्पॉटवर. मी मधोमध उभी, माझ्याभोवती तुम्ही अकरा जण, आणि बघते तर एक कुत्रा. तोपण झोपलेला."

मी हसलो. तीही हसली.

खरं तर ती आली तेव्हा मी ठरवलं होतं की गुडघ्याची सबब सांगायची. चार मजले चढून बिचारीला धाप लागलेली. दारात चपला काढायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. माझ्या चपला तिथे मांडणीवर होत्या. त्यांच्यात कोळ्याने जाळं विणलं होतं, एका अंगठ्यापासून दुसऱ्या अंगठ्यापर्यंत.

"आबा, इथे कुणीतरी राहायला आलंय."

"गरीब आहे, राहू दे," मी म्हटलं.

ती आत येऊन पाणी प्यायली. स्वतः उठून चहा टाकला, आलं कुठे आहे ते न विचारता शोधून काढलं. मग कप माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "ती बस आहे ना आबा, ती खाडीकडे वळवली तर आपल्याकडून दवाखान्याकडे जाणारी फेरी कमी करावी लागेल. गाड्या तेवढ्याच आहेत. ज्ञानदाला मी सांगू शकते. पण मी सांगितलं तर तो डेटाचा एरर होईल. तुम्ही सांगितलं तर…" आणि तिने कप माझ्याकडे आणखी सरकवला.

रिटाबाई त्याच बसने दवाखान्यात जातात, ज्ञानदा. आम्ही इथे आठवणीत मीठ ओढत बसायचं आणि त्यांनी भर उन्हात थांब्यावर उभं राहायचं, हे मला पटलं नाही. आणि उद्या बैठकीतल्या एखाद्याने खाडीवर जाऊन पाहिलं, आणि तिथे एक कुत्रा दिसला, तर तुझ्या इतक्या दिवसांच्या कामाला तो काय म्हणेल? तुझं काम खरं आहे. आम्हीच त्यात चुकीच्या जागी बसलो आहोत.

पास्कलला सकाळी फोन करून सांगितलं की मी तुला सगळं लिहितो आहे. मागून आग्नेसचा आवाज येत होता, "कोन हाय?" मग म्हणाला, "लिव, मास्तर. लिवायलाच पायजे. पन पोरीला येक इचार. त्यो ठिपका खोटा, तर आग्नेसचे पाय मी रोज चोळतो, ते काय फुकट?"

त्याचा प्रश्न जसाच्या तसा पाठवतो आहे. आम्ही कुठे जातो हे तुझ्या नकाशाला आमच्याकडून कळणार नाही. कुठे जावंसं वाटतं, एवढंच कळेल. ते तुमच्या कामाचं असेल तर वेगळ्या रंगात ठेव. नसेल तर पूस. पण पुसण्याआधी एकदा शनिवारी पाच वाजता उघडून बघ.

बाबाला मी सांगणार आहे. रविवारी त्याचा फोन येतो. त्याआधी तू सांगू नकोस, एवढं आजोबाचं ऐक. तो न्यायला येईल. रागावेल, मग गप्प बसेल, मग माझे कपडे पिशवीत भरायला लागेल, मला तो लहानपणापासून ठाऊक आहे. मी काय म्हणेन ते मात्र मला अजून ठाऊक नाही. जायचंच झालं तर जाईन. पण मला उचलून नेऊ नये असं वाटतं. हा जिना मी माझ्या पायांनी उतरावा, मग तो बंगळूरकडे जाणारा असो, नाहीतर कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे. तिला मी आजवर वरूनच पाहिलं आहे. तिच्या डोक्याचा भांग तेवढा ओळखतो.

हो, कडव्याची सुरुवात आली. खरं म्हणजे ती पहिल्या दिवसापासून आली होती, तुला लिहायची नव्हती म्हणून दाराबाहेर उभी केली होती.

"पाय राहिले घरी, वाट चालली पुढे;
मागे वळून पाहते, कुणी आले का गडे?"

चाल तूच लाव.

इथवर दुपारी लिहून ठेवलं होतं. आता पुढचं अक्षर वेडंवाकडं आहे ते समजून घे. कागद मांडीवर आहे, मांडी पायरीवर आहे. एलिसा आली तेव्हा मी कोळ्याची माफी मागून चपला झटकल्या. ती म्हणाली, "आबा, एकच मजला. मी पुढे चालते, तुम्ही माझ्या खांद्याला धरा." पूर्ण मजला जमला नाही. वळणापर्यंत आलो. इथेच पडलो होतो, त्याच वळणावर. भिंतीवर कुणीतरी खडूने क्रिकेटचे स्टंप काढलेत, ते मी याआधी पाहिले नव्हते. खालून कुणाच्या तरी फोडणीचा वास येतो आहे. एलिसा दोन पायऱ्या खाली बसली आहे, लिफाफ्याची वाट बघत, आणि मला म्हणते आहे, "आबा, सावकाश लिहा, मला घाई नाही."

पाच वाजत आलेत. आजची फेरी माझ्याकडे आहे. आग्नेसने केस विंचरले असतील. तिला आज हीच जागा दाखवणार आहे.

तुझा आबा
मनवेलपाडा, विरार पूर्व.
चौथ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधलं वळण.
हजर.